आमची आवणी अजून फिटली नाही
(वनहक्क मेळाव्यात नोकरीला लागलेल्या मुलामुलींच्या वतीने केलेले भाषण)



आज आम्ही सहाजण इथं उभे आहोत. दोघं मास्तर, एक नर्सबाई, एक एसटीत कंडक्टर, एक ग्रामसेवक, एक पोलीस. बोलतो एकच आहे, पण बोलणं सहाजणांचं आहे. तुम्ही निरोप धाडला की पोरांना सांगा, तुम्ही वर कसे आलात. सांगतो. पण त्याआधी आम्हांला हिशेब द्यायचा आहे.

आम्ही वर कसे आलो? अभ्यास केला, मार्क पडले, म्हणून आलो, असं आम्हांला बरीच वर्षं वाटत होतं. अभ्यास केला हे खरंच. पण आश्रमशाळेत जायला एसटीचं भाडं लागायचं. ते आलं प्लॉटवरच्या उडदातून, वरईतून. दिवाळी झाली की आईबाप वीटभट्टीवर जायचे आणि आम्हांला आजीजवळ ठेवायचे. शेठची उचल त्यांनी विटा थापून फेडली, म्हणून आमच्या हातात पाटी राहिली. जातीच्या दाखल्यासाठी बापानं मजुरी बुडवून तालुक्याला खेपा मारल्या. राज्याच्या नोकरीत शंभरात ७ जागा आदिवासींच्या आहेत. त्यातल्या एकेका जागेवर आम्ही बसलो. त्या जागा सगळ्या समाजाच्या नावानं मिळालेल्या आहेत, आमच्या घरच्या नाहीत.

मग आम्ही काय केलं? कुणी तालुक्याला खोली घेतली. कुणी घरात आपली बोली बोलणं सोडलं. पाड्यावर आलो ते लग्नाला नाहीतर मयताला. बाजेवर बसलो, चहा प्यालो, गेलो. तुम्ही आमचा मान ठेवलात. आम्हांला वाटलं, फिटलं सगळं.

आमच्यातल्या एकाच्या घरी पत्र्याचा डबा होता. त्यात दंडाच्या पावत्या. जंगलात शेत केलं म्हणून गार्डनं फाडलेल्या. पोराला शाळेत असताना त्या डब्याची लाज वाटायची. आपला बाप गुन्हेगार आहे असं वाटायचं. एकदा म्हणाला, "बाबा, जाळून टाक हा कचरा." बाप काही बोलला नाही. त्यानं डबा वर आढ्याला टांगून ठेवला. त्याला वाचता येत नव्हतं, पण एवढं कळत होतं की आपण इथं कसत होतो, हे सांगणारा सरकारचा हाच एक कागद आहे.

पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला. कायदा विचारतो, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन तुमच्या ताब्यात आहे का? डबा खाली काढला. पावतीवर बापाचं नाव, गावाचं नाव, तारीख. जो दंड भरला तोच पुरावा झाला. ज्या पोरानं जाळ म्हटलं होतं, त्यानंच ती पावती वाचून दाव्याला जोडली. बघायला बाप राहिला नव्हता.

असे डबे किती घरांत आहेत? आणि वाचणारी पोरं कुठं आहेत? तालुक्याला. मग पाड्यावर कोण येतं? दलाल येतो. आणि सांगायला लाज वाटते, काही ठिकाणी हा दलाल आपल्यातलाच दहावी-बारावी झालेला पोरगा असतो. फॉर्ममागे पैसे घेतो. हा पण वर आला, पण आपल्याच माणसाच्या खांद्यावर पाय देऊन.

म्हणून चार गोष्टी नीट ध्यानात ठेवा. दाव्याला फी नाही, कुणाला एक पैसा देऊ नका. पुरावा एकापेक्षा जास्त लागतो, पण तो कागदाचाच पाहिजे असं नाही. शेताचा बांध, जुनी विहीर, मसणवट हेसुद्धा पुरावे आहेत. दावा करणारा सोडून गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबही चालतो. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर होतो, तेव्हा बाईचं नाव सुटलं तर गप्प बसू नका. आणि ग्रामसभेचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे अपील आहे. मुदत गेली तर हातचं जातं, म्हणून निर्णय झाला की तारीख लिहून ठेवा.

१९४५ साली झरीच्या सभेत वारली माणसं जमली आणि वेठ बंद करायची म्हणाली. तेव्हा लग्नाच्या कर्जापायी माणूस जन्मभर लग्नगडी म्हणून राबत होता. एकेकाचं कर्ज फेडून एकेकाला सोडवत बसले असते तर काय झालं असतं? एक सुटला असता, सावकारानं त्याच्या जागी दुसरा बांधला असता. सगळे मिळून उठले, म्हणून वेठ मोडली. आजही तसंच आहे. एक पोरगा मास्तर झाला आणि त्याच्याच पाड्यातली दहा घरं भट्टीच्या ट्रकात चढली, तर पाडा वर आला असं कसं म्हणायचं?

आम्ही सहाजणांनी आपसात ठरवलं आहे, ते सगळ्यांसमोर सांगतो, म्हणजे आम्हांला मागं फिरता येणार नाही.

एक, महिन्यातला एक रविवार पाड्यावर बसू. डबे उघडू, कागद वाचू, जबाब लिहून देऊ. फुकट.

दोन, आमच्या जात पडताळणीचे कागद आम्ही लपवणार नाही. बापाकडच्या नात्यातल्या एकाची पडताळणी झाली असेल तर दुसऱ्या भावंडाला तो मोठा पुरावा होतो. आमच्यातल्याच काहींनी चुलतभावाला झेरॉक्स द्यायला टाळाटाळ केली. कशासाठी, तर आपल्यावर काही बालंट येईल म्हणून. हे चुकलं.

तीन, दिवाळीआधी घरोघर फिरू. भट्टीवर जाणाऱ्यांची पोरं शाळेत, वसतिगृहात राहतील असं बघू. पोरी आधी. धाकट्याला सांभाळायला म्हणून पोरगीच घरी राहते, हे आमच्याही घरात झालं आहे. आमच्या बहिणी शिकल्या नाहीत, म्हणून आम्ही शिकलो.

तुमच्याकडून एकच मागणं. नोकरीवाला पोरगा गावात आला की नुसता बाजेवर बसवू नका. त्याच्यापुढं कागद ठेवा. नाही म्हणाला तर ग्रामसभेत त्याला जाब विचारा. आम्हांलाही विचारा.

आवणीची आपली रीत तुम्हांला ठाऊक आहे. आज सगळे माझ्या शेतात, उद्या सगळे तुझ्या. ज्याच्या शेतात लावणी झाली आणि जो दुसऱ्याच्या शेतात गेलाच नाही, त्याला पाडा काय म्हणतो, तेही ठाऊक आहे. आमच्या शेतात तुम्ही कधीच लावून गेलात. पीकसुद्धा आम्ही खाल्लं. आता चिखलात उतरायची पाळी आमची आहे.

येत्या रविवारी समाजमंदिरात बसतो आहोत. डबे घेऊन या.

जिंदाबाद! जोहार!