घर कुणाच्या नावावर?

(बीड येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



तुम्ही गेवराईहून, माजलगावहून, पाटोद्याहून, अंबाजोगाईहून आला आहात. मला घराबद्दल बोलायला सांगितलं आहे. घर म्हटलं की आपण झाडलोट, पाणी, स्वयंपाक यांबद्दल बोलतो. मी आज घराच्या कागदाबद्दल बोलणार आहे. कारण भांडण झालं की नवरा म्हणतो, "माझ्या घरातून चालती हो." माहेरी गेलं की चार दिवसांनी भाऊ विचारतो, "घरी कधी जातेस?" सासर नवऱ्याचं, माहेर भावाचं. मग आपलं घर कुठलं?

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न अधिक बोचरा आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास इथून हजारो जोड्या ऊसतोडीला जातात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. पण मुकादम उचल देतो ती नवऱ्याच्या हातात. ती फेडायला बाई पहाटेपासून फडात राबते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते. या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चर्चा २०१९ साली राज्यभर झाली. त्या कष्टातून गावात दोन खोल्या उभ्या राहतात आणि त्यांच्या नोंदीत तिचं नाव नसतं. अर्धा कोयता तिचा, तर अर्धं घर तिचं का नाही?

मी स्वतः बीडच्या जुन्या गावात दोन खोल्या विकत घेतल्या. त्याआधी भाड्यानं राहत होते. खोली बघायला गेलं की पहिला प्रश्न, "मिस्टर काय करतात?" दुसरा प्रश्न जातीचा. एकटी आहे म्हटलं की खोली कालच कुणाला तरी दिलेली असायची. गावाबाहेर प्लॉट स्वस्त मिळत होते. पण बैठक संपवून रात्री परतायचं तर रस्त्यावर दिवे नाहीत, रिक्षा येत नाही. जुन्या गावात गल्ली अरुंद, पण बाजार, दवाखाना, बसस्टँड पायी गाठता येतं, हाक मारली तर शेजारीण ऐकते. एकट्या बाईनं घर बघताना या गोष्टी खोल्यांच्या संख्येइतक्याच महत्त्वाच्या मानाव्यात.

व्यवहाराच्या वेळी भाऊ सोबत होता. पैसे माझे, प्रश्न मी विचारायची आणि मध्यस्थ उत्तरं भावाला द्यायचा! शेवटी मी भावाला म्हटलं, "उद्या तू येऊ नकोस." दुसऱ्या दिवशी तो माझ्याशी बोलला. दुसरं कुणी नव्हतंच ना! घर झालं म्हणून सगळी दुःखं संपली नाहीत. छत गळतं, हप्ते भरावे लागतात. पण एखादी मारहाण झालेली मैत्रीण रात्री दारात आली, तर तिला आत घ्यायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

आता कायद्याचं बघू. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बाईला तिच्या मिळकतीची पूर्ण मालकी दिली. पण त्यातच कलम २३ होतं. वडिलांच्या राहत्या घरात मुलीचा हिस्सा असला, तरी पुरुष वारस वाटणी करत नाहीत तोवर तिला ती मागता येत नव्हती. महाराष्ट्रानं १९९४ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना जन्मानं हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ च्या दुरुस्तीनं देशभर सगळ्या मुलींना तो हक्क मिळाला आणि कलम २३ रद्द झालं. दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असण्याची गरज नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. आमच्या मुस्लिम बहिणींना शरियतनुसार मुलाच्या निम्मा वाटा आहे, आणि मुलंबाळं असलेल्या विधवेला आठवा हिस्सा. तोही किती जणींच्या हाती पडतो?

हक्क कागदावर येतो आणि हक्कसोडपत्रावर जातो. राखीला साडी, आणि मग "ताई, इथं सही कर." सही करण्याआधी वाचा, वेळ मागा. सही न करणं म्हणजे भावाशी वैर नव्हे.

घर नावावर नसलं तरी बाईला रस्त्यावर काढता येत नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क देतो. घर सासूसासऱ्यांच्या नावावर असलं तरी तो हक्क मागता येतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं. पण राहण्याचा हक्क ही मालकी नव्हे, हे लक्षात ठेवा.

हे सारं आपोआप घडलेलं नाही. संगमनेरला १९८८ साली परित्यक्तांची परिषद झाली. शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती'त बायकोच्या नावानं जमीन करायला लावली. अंबाजोगाईला शैला लोहियांनी 'मनस्विनी'तून टाकलेल्या बायकांना उभं केलं. त्यानंतर २००३ साली सरकारचं 'घर दोघांचे' आलं, म्हणजे ग्रामपंचायतीच्या नोंदीत पतीबरोबर पत्नीचंही नाव. ही नोंद म्हणजे खरेदीखत नव्हे, पण तिचा पुरावा उपयोगी पडतो.

विकत घेणार असाल तर काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. बाँडवर लिहून घेतलं म्हणजे घर आपलं झालं नाही. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. शहरात सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका काढा, वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्या. मराठवाड्यात इनामी, देवस्थानच्या आणि वक्फच्या जमिनी पुष्कळ आहेत. त्या सर्रास विकता येत नाहीत. गुंठेवारीचा प्लॉट असेल तर एन.ए. झालं का, ते विचारा. बिंदुसरेच्या काठचं घर असेल तर १९८९ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. आणि १ एप्रिल २०२१ पासून घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. दहा लाखांच्या घराला दहा हजार वाचतात. पण सूट मिळते म्हणून नावावर आणि चाव्या नवऱ्याच्या खिशात, असं होऊ देऊ नका. मूळ खरेदीखत आपल्या पेटीत हवं.

गावी गेल्यावर प्रत्येक गटानं एक काम करावं. ग्रामपंचायतीत जाऊन नमुना आठचा उतारा मागावा आणि गटातल्या किती जणींचं नाव त्यात आहे, ते मोजावं. ज्यांचं नाही त्यांचे अर्ज एकाच दिवशी, सगळ्यांनी मिळून द्यावेत. एकटीला परत पाठवणं सोपं असतं, वीस जणींना नाही. अर्जाची पोच घ्या. पुढच्या मेळाव्याला येताना नव्या नोंदींचे उतारे घेऊन या. आपण ते इथे मोठ्यानं वाचू.