चित्रांतलें शेत आणि खरें शेत



मराठी मूल अक्षरओळखीला बसतें तेव्हां त्याच्या हातीं जें पहिलें चित्रपुस्तक पडतें तें म्हणजे अंकलिपी. किंमत थोडी, कागद साधा, चित्रें ढोबळ. तरी आपणांपैकीं बहुतेकांनीं जगाचें पहिलें दर्शन याच पुस्तकांत घेतलें. त्याचीं पानें आज जरा निराळ्या दृष्टीनें पाहूं. उ उखळाचा, ऊ उसाचा, ए एडक्याचा, ऐ ऐरणीचा, औ औताचा. ही नुसती स्वरांची ओळ नव्हे. तें एक लहानसें खेडेंच आहे. अंगणांत उखळ, मळ्यांत ऊस, माळावर चरणारा एडका, लोहाराच्या भात्यापाशीं ऐरण आणि शेतांत चाललेलें औत. ज्यांनीं हीं चित्रें निवडलीं त्यांनीं मुलाच्या नित्य पाहण्यांतल्या वस्तु घेतल्या. आधीं वस्तु ओळखीची, मग अक्षर, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

आज धरमपेठेंतल्या किंवा महालांतल्या मुलाच्या बाबतींत हा हिशेब उलटा झाला आहे. अक्षर त्याला येतें, वस्तु ठाऊक नसते. म्हणूनच कित्येक अंकलिप्यांतून औत गेलें आणि त्याच्या जागीं औषधाची बाटली आली. बदल सोयीचा आहे. त्यास नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु योगायोग पाहा. विदर्भांतील शेतकरी आज ‘औषध’ म्हणतो तें पुष्कळदां पिकावर फवारावयाच्या विषाला. सन २०१७ च्या हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतां करतां विषबाधा होऊन वीसएक शेतकरी व मजूर प्राणास मुकले. एका अक्षरामागें औत आणि औषध हीं दोन चित्रें; आणि त्या दोहोंच्या मध्यें आपल्या शेतीचा अर्वाचीन इतिहास उभा आहे. तो इतिहास मुलांना समजेल अशा रीतीनें दाखविणारें चित्रपुस्तक आपण त्यांच्या हातीं देतों काय, हा माझा आजचा प्रश्न आहे.

शेतीवरचीं म्हणून जीं पुस्तकें शहरांतील दुकानांत दिसतात त्यांचे ढोबळ मानानें दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग परदेशी पुस्तकांचा व त्यांच्या नकलांचा. पुठ्ठा जाड, रंग झगझगीत. लाल लाकडी कोठार, पांढरें कुंपण, गुलाबी डुक्कर, एक बदक आणि एक ट्रॅक्टर. येथें शेत म्हणजे पाळीव प्राण्यांची बाग. पीक असें जवळजवळ नाहींच. दुसरा वर्ग आपल्या देशी पुस्तकांचा. तांबडा फेटा, खांद्यावर नांगर, पुष्ट बैलजोडी आणि मागें उगवता सूर्य. चित्र गोड खरें. पण हा शेतकरी कोणत्या जिल्ह्याचा, कोणत्या सालचा, त्यानें पेरलें आहे काय, याचा पत्ता लागत नाहीं. पहिलें शेत दूर देशांतलें आणि दुसरें कोणत्याच काळांतलें नव्हे. दोन्हीं पाहून मूल एकच गोष्ट शिकतें, कीं शेती ही कोठें तरी दुसरीकडे किंवा केव्हां तरी पूर्वीं होत असे.

चित्रपुस्तकाची मूळ परंपरा अशी पोकळ नव्हती. सन १६५८ त न्यूरेंबर्ग येथें कोमेनियस या शिक्षणशास्त्रज्ञाचें ‘ऑर्बिस पिक्टस’ हें पुस्तक निघालें. मुलांसाठीं रचलेल्या आद्य सचित्र पुस्तकांत त्याची गणना होते. त्यांत शेतीलाही एक पान दिलेलें आहे. बैल जुंपलेला नांगर त्यांत आहे आणि पुढचीं कामेंही आहेत. चित्रांतील निरनिराळ्या वस्तूंना आकडे दिले आहेत आणि तेच आकडे मजकुरांत त्या त्या वस्तूच्या नांवापाशीं घातले आहेत. मुलानें बोट ठेवावें, आकडा पाहावा आणि नांव शिकावें.

हीच कसोटी आपल्याकडे लावून पाहा. नांगर जमीन फोडतो. वखर ढेंकळें मोडून व तण कापून ती सारखी करतो. तिफणीनें ओळीनें पेरणी होते. पीक उभें राहिल्यावर दोन तासांमधून डवरा फिरवितात. पुण्याकडे त्याच कामासाठीं कोळपें आहे. चार अवजारें, चार कामें, चार नांवें. आणि आमच्या चित्रपुस्तकांत या चौघांच्या वतीनें एकटा नांगर उभा! नांव गेलें म्हणजे कामाची कल्पना जाते, आणि कामाची कल्पना गेली म्हणजे कष्टाची किंमतही कळेनाशी होते.

काल आणि आज यांची सांगड कशी घालावी याचा एक नमुना स्वित्झर्लंडमध्यें सांपडतो. यॉर्ग म्युलर या चित्रकारानें सन १९७३ त सात मोठ्या चित्रांचा एक संच काढला. जागा एकच, काळ १९५३ ते १९७२. पहिल्या चित्रांत कुरण आहे, शेतकऱ्याचें घर आहे, खेळणारीं मुलें आहेत. पुढें एकेका चित्रांत थोडें थोडें बदलत जातें आणि अखेरच्या चित्रांत रुंद रस्ते व मोठें दुकान उरतें. चित्रांना शब्दांची जोड नाहीं. ओरड नाहीं, उपदेश नाहीं. काय गेलें आणि काय आलें हें मूल आपल्या डोळ्यांनीं शोधतें.

असा संच नागपूरच्या परिसरासाठीं कां निघूं नये? पहिलें चित्र सन १८७७ चें असावें. त्या वर्षीं १ जानेवारीला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथें सुरू झाली. शेतांत देशी कपाशी, मधून तुरीच्या ओळी, पलीकडे ज्वारी, विहिरीवर मोट आणि शहराकडे निघालेली कापसाची बंडी. दुसरें चित्र सन १९७० नंतरचें. त्या वर्षीं सुरतेला संकरित कपाशीचें वाण निघालें. घरची सरकी राखून पेरण्याऐवजीं दरसाल बीं विकत घेण्याची चाल येथूनच वाढली. मोटेच्या जागीं विजेचा पंप आला. तिसऱ्या चित्रांत ज्वारी मागें हटून सोयाबीन पसरलेलें दिसावें. ज्वारी गेली तसा कडबा गेला, आणि कडबा गेला तसे गोठ्यांतील बैल कमी झाले. ही कारणांची सांखळी एका चित्रांत सहज दाखवितां येते. चौथें चित्र सन २००२ नंतरचें. त्या वर्षीं बीटी कपाशीस भारतांत मान्यता मिळाली. पांचवें चित्र आजचें. एम्प्रेस मिल बंद पडलेली आहे. भाड्याचा ट्रॅक्टर नांगरट करून गेला आहे, पण डवऱ्याला शेजाऱ्याची बैलजोडी लागलेलीच आहे. काल आणि आज एकाच धुऱ्याच्या आंत नांदतात, हें मुलाला येथें कळेल. आणि त्या धुऱ्यापलीकडे लेआउटचे पांढरे दगड रोंवलेले आहेत. आपणांपैकीं अनेकांचीं घरें अशाच दगडांमध्यें उभीं आहेत. तेव्हां हें चित्र दुसऱ्या कोणाचें नसून आपलेंच आहे.

या साऱ्या चित्रांत स्त्री कोठें आहे हेंही पाहावें लागेल. चालू पुस्तकांत ती डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन धुऱ्यावरून येते आणि तेवढ्यांतच तिचें काम संपतें. प्रत्यक्षांत निंदण तिचें, कापसाची वेचणी तिची, भंडारा-गोंदियाकडे धानाची रोवणी तिची. कापसाचीं बोंडें एकदम फुटत नाहींत, म्हणून वेचणीच्या तीन-चार पाळ्या होतात. कमरेला ओटी बांधून, वांकून, एकेका बोंडांतून कापूस काढावा लागतो. ज्या मुलाच्या अंगांत सुती सदरा आहे त्याला हे हात चित्रांत तरी दिसले पाहिजेत.

कोणी म्हणेल, लहान मुलांपुढें कर्ज, नापिकी आणि मरण यांच्या गोष्टी कशाला? आक्षेप रास्त आहे. चिमुकल्याला मरण दाखवावें असें मी म्हणत नाहीं. पण रिकामें आभाळ, खुजी राहिलेली पऱ्हाटी, बाजारांत भाव ऐकून गप्प उभा राहिलेला बाप, एवढें मूल समजूं शकतें. आपल्या मापाचें सत्य त्याला पेलतें. त्याला पुढें फसवितें तें आपण दाखविलेलें सदासुखी शेत. शिवाय हीं पुस्तकें केवळ शहरांतच वाचलीं जात नाहींत. काटोल-सावनेरकडच्या शाळेंतील मुलगी जेव्हां पान उलटते तेव्हां तिला आपलें घर त्यांत सांपडावें कीं नाहीं?

साधनांची अडचण पूर्वींसारखी राहिलेली नाहीं. ‘किशोर’ मासिक सन १९७१ पासून चालू आहे, नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय ही माला आहे, आणि सन २००४ त स्थापन झालेल्या प्रथम बुक्सनें स्वस्त सचित्र पुस्तकें मराठींतही आणलीं आहेत. उणीव आहे ती मागणीची. आणि मागणी आईबापांनीं करावयाची असते.

नागपुरांत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं तान्हा पोळा भरतो. भोंसल्यांच्या काळापासून चालत आलेला हा सण मुलांचाच. चाकांचा लाकडी बैल सजवून मुलें रस्त्यांत येतात. त्या दिवशीं बैलाच्या जोडीला एखादें शेतीचें पुस्तक घ्यावें, आणि घेण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावेत. हें शेत कोणत्या गांवचें व कोणत्या काळचें? अवजारांना त्यांचीं नांवें दिलीं आहेत काय? काम करणारी बाई दिसते काय? आणि शेतांतला माल पुढें कोठें, काय भावानें गेला, याचा धागा आपल्या घरापर्यंत पोंचतो काय? चारांपैकीं दोहोंचें उत्तर मिळालें तरी पुस्तक घ्यावें; राहिलेल्या दोहोंचें उत्तर मुलाच्या शेजारीं बसून आपण द्यावें.

आणि अंकलिपी छापणारांना एक विनंति. औ च्या घरांत औषधाची बाटली खुशाल असूं द्या. पण शेजारीं तें जुनें औतही राहूं द्या. मूल विचारील, हें काय? त्या प्रश्नापासूनच त्याचें शेताकडे जाणें सुरू होईल.