कापसाची गाडी आणि माणसांची गाडी



वसंत व्याख्यानमालेत रेल्वेच्या नियोजनासारखा रुक्ष विषय घेऊन मी उभा आहे. येथे विद्वान बोलून गेले आहेत. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, दिवसभराची कामे उरकल्यावर झाले. तेथेच मला एक सवय लागली. अर्थसंकल्प मांडला गेला की भाषण बाजूला ठेवायचे आणि रेल्वेचे 'पिंक बुक' उघडायचे. कोणत्या मार्गाला यंदा किती रुपये, ते त्या पुस्तकात छापलेले असते. भाषणात देश धावत असतो. पिंक बुकात तो कोठे अडला आहे ते दिसते.

आपल्या जिल्ह्याच्या रेल्वेचा आरंभ कापसापासून झाला. मुंबई-नागपूर हमरस्त्याचे रूळ 1867 साली नागपूरला पोहोचले. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतला कापूस बंदरापर्यंत न्यावा, ही त्यामागची मोठी ओढ होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात तिकडचा कापूस आटला आणि विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडाची किंमत अधिकच कळली. परंतु हमरस्ता यवतमाळला टाळून धामणगावावरून गेला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या व्यापारी पेढीने मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करीत यवतमाळपर्यंत अडीच फूट रुंदीचे रूळ टाकले. हीच आपली शकुंतला.

अडीच फूटच का? कारण भांडवल कमी लागते. मोठ्या मार्गाची रुंदी साडेपाच फूट. दोहोंतला तीन फुटांचा फरक मूर्तिजापूरला हमालाच्या पाठीवर पडत असे. छोट्या गाडीतली गाठ उतरवायची आणि मोठ्या गाडीत चढवायची. कागदावर रुळांच्या रुंदीची बचत दिसते, त्या पाठीची नोंद कोणत्याही हिशेबात सापडत नाही. मी हमालांच्या संघटनेत काम केलेला माणूस आहे, म्हणून माझी नजर आधी तेथे जाते. आपण मला क्षमा करावी.

स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे एकत्र करून 1951 साली मध्य रेल्वे स्थापन झाली. शकुंतला मात्र कंपनीच्याच मालकीची राहिली. गाडी सरकारने चालवायची आणि मोबदला कंपनीने घ्यायचा, असा करार पुढे पुढे वाढत गेला. रूळ ज्याचे त्याला ते सुधारण्याची घाई नव्हती, आणि गाडी ज्याची त्याला परक्याच्या रुळांवर पैसा घालण्याचा उत्साह नव्हता. मँचेस्टरला 1921 साली बनलेले वाफेचे इंजिन 1994 पर्यंत ही गाडी ओढत होते! पुष्कळांना यात कौतुक वाटते. छायाचित्रे निघतात, लेख येतात. मला त्यात एका जिल्ह्याची त्र्याहत्तर वर्षे दिसतात. सुमारे 113 किलोमीटरला सहा-सात तास लागत. तरीही गरीब माणूस तिने जाई, कारण एस.टी.चे भाडे त्याला जड होते.

ही गाडी 2016 च्या सुमारास बंद पडली. त्याच वर्षी तिचे रूळ रुंद करण्याची घोषणा झाली. आधी नवे उभे करावे आणि मग जुने मोडावे, हे घर बांधणारा कोणीही शहाणा गवंडी सांगेल. येथे छप्पर आधी उतरले आणि घोषणा वर राहिली. पुण्याला शिकणारा यवतमाळचा मुलगा पेटी घेऊन धामणगाव, बडनेरा नाहीतर वर्धा गाठू लागला. जिल्ह्याच्या ठिकाणी रेल्वेचे स्टेशन होते, पण गाडी नव्हती.

जिल्ह्यात रेल्वे मुळीच नाही असे मात्र म्हणता येत नाही. वणीला मोठा मार्ग आहे. तेथे कोळसा आहे. म्हणजे पूर्वी कापूस जिकडे, तिकडे रूळ. नंतर कोळसा जिकडे, तिकडे रूळ. माणसांच्या वस्त्या पाहून या जिल्ह्यात पहिल्यांदा जो मार्ग आखला गेला, तो वर्धा-यवतमाळ-नांदेड. देवळी, कळंब, यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड, हदगाव! ही नावे एका रेषेत वाचताना मला आजही आनंद होतो. लांबी सुमारे 284 किलोमीटर. 2008-09 च्या अर्थसंकल्पात त्याला मंजुरी मिळाली. वर्धा ते कळंब हा 39 किलोमीटरचा पहिला तुकडा खुला झाला 28 फेब्रुवारी 2024 रोजी. पंधरा वर्षांत 39 किलोमीटर!

अधिकारी आळशी आहेत, असे म्हणून आपण मोकळे होतो. मला ते पटत नाही. दोष नियोजनाच्या रीतीत आहे. नव्या मार्गासाठी अनेक वर्षे कसोटी अशी होती की गुंतवलेल्या पैशावर 14 टक्के परतावा सुटला पाहिजे. जेथे रेल्वे नाही तेथे कारखाने नाहीत, कारखाने नाहीत म्हणून माल नाही, आणि माल नाही म्हणून परतावा नाही. मागास जिल्हा या परीक्षेला बसण्याआधीच नापास. मग लोकांचा रेटा वाढला की परताव्याकडे डोळेझाक करून मंजुरी मिळते. पण मंजुरी म्हणजे पैसा नव्हे. प्रत्येक खासदाराला एक मार्ग आणि प्रत्येक मार्गाला चिमूटभर रक्कम. जुलै 2014 मध्ये रेल्वेमंत्र्यांनीच लोकसभेत सांगितले की मागच्या दहा वर्षांत 60 हजार कोटींचे 99 नवे मार्ग मंजूर झाले आणि पुरा झाला फक्त एक. आपल्या मार्गाचा मूळ अंदाज तीनशे कोटींच्या आत होता. तो वाढत वाढत तीन हजार कोटींपलीकडे गेला. त्यातला काही भाग 2013 च्या भूसंपादन कायद्याने शेतकऱ्याला मिळालेल्या वाढीव मोबदल्याचा आहे. तो पैसा त्याच्या हक्काचा आहे, त्याचे मला दुःख नाही. दुःख आहे ते निव्वळ वाट पाहण्यात वाढलेल्या खर्चाचे.

वेगळे करता येते, हे कोकणाने दाखविले. कोकण रेल्वेचे महामंडळ 1990 साली निघाले. केंद्राबरोबर महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ या चार राज्यांनी भांडवल घातले, रोख्यांतून कर्ज उभारले आणि जानेवारी 1998 मध्ये सुमारे 740 किलोमीटरचा मार्ग पुरा झाला. नव्वदच्या वर बोगदे, सुमारे दोन हजार पूल. आपल्याकडे सह्याद्री आडवा नाही. तेथे पैसा एका कामासाठी बांधलेला होता आणि जबाबदार माणूस ठरलेला होता. त्या कामात मजुरांचे प्राणही गेले. त्यांचे स्मारक रत्नागिरीला आहे. वेगाचे कौतुक करणाऱ्याने तेथे घटकाभर थांबावे.

येथे मला माझ्या पेशाची गोष्ट बोललीच पाहिजे. आधुनिक रेल्वे म्हटले की मुंबई-अहमदाबादच्या 508 किलोमीटरच्या अतिवेगवान गाडीचे चित्र डोळ्यांपुढे येते. माझा वेगाला विरोध नाही. पण गाडी धावते ती चावीवाला रोज रूळ चालत तपासतो म्हणून. डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने 2012 साली सुरक्षेसाठी पाच वर्षांत एक लाख कोटी रुपये मागितले आणि रिकाम्या जागांवर बोट ठेवले. तेवढ्या रकमेचा कोष जाहीर व्हायला 2017 साल उजाडले. नवे रूळ टाकताना ते सांभाळणारे हात किती लागतील, हा आकडा योजनेच्या पहिल्याच पानावर हवा. तो बहुधा शेवटी, कंत्राटाच्या रूपाने येतो. उन्हात, थंडीत रुळावर चालणाऱ्याला मग ना कायम नोकरी, ना क्वार्टर.

आपल्या मार्गाच्या खर्चातला 40 टक्के वाटा राज्याचा आहे. म्हणजे तो आपल्या करांतूनही जातो, आणि मागणारे आपण याचक नव्हेत. तेव्हा पुढच्या वेळी कोणी पुढारी येथे रेल्वेवर बोलला, तर टाळ्या वाजवण्याआधी त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. दारव्ह्यापर्यंतचा तुकडा कोणत्या वर्षी, पुसदपर्यंतचा कोणत्या वर्षी, आणि यंदाच्या पिंक बुकात त्यासाठी किती रुपये. पुस्तक त्याच्याजवळ नसेल, तर ते आमच्या कचेरीत आहे. संध्याकाळी सातनंतर कोणीही येऊन पाहावे.