नवस आणि न सरणारं दुखणं

अलिबागजवळच्या खंडाळ्यात बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली ज्यू कुटुंबं प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या नावानं मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं. दुखण्यातून माणूस उठला की नवस फेडायचा. पण मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार ही दुखणी सरतच नाहीत, तिथं मन खचतं. प्रार्थनेनं धीर येतो, चार माणसं जवळ येतात. मात्र ‘देवानं मला शिक्षाच दिली’ हा विचार फार घातक! अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांच्या २००१च्या अभ्यासात अशा घालमेलीतल्या वृद्ध रुग्णांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. दोन आठवडे झोप उडाली, जेवण नकोसं झालं, तर प्रार्थना चालू ठेवा, पण डॉक्टरांनाही सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे १४४१६, मराठीत बोला.