आमच्या वाडवडिलांची निशाणी

(शेतकरी व बलुतेदार मंडळींच्या सभेत केलेले भाषण)



आज मी आपणांस एक साधा प्रश्न विचारणार आहे. बापाचे नाव सर्वांस ठाऊक आहे, आजाचेही आहे. पणजाचे नाव किती जणांस सांगता येईल? आणि पणजीचे? पणजीचे नाव विचारले की बहुतेक घरांत माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. राजेरजवाड्यांच्या बखरी आहेत, सरदारांच्या कैफियती आहेत. परंतु ज्यांनी जमीन कसली, नांगर घडविला, मडकी भाजली, घोंगडी विणली, त्यांच्या घरचा इतिहास विचारला तर आपणच म्हणतो, "आमचा कसला आलाय इतिहास? आम्ही अडाणी माणसे." बंधूंनो, हे म्हणणे खोटे आहे. आपला इतिहास लिहिलेला आहे. तो आपल्या हाताने लिहिला गेला नाही, इतकेच.

गावचे दप्तर कुळकर्ण्याच्या घरी, देण्याघेण्याची वही सावकाराच्या दुकानी, आणि कुणब्याच्या वाट्याला फक्त आंगठा, असा जुना व्यवहार होता. लिहिणाराने काय लिहिले हे आंगठा देणाराला कळत नसे. जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो याच लेखणीच्या जुलमाने पोळून. त्याच्या आठ वर्षे आधी, मे १८७५ मध्ये, भीमथडी तालुक्यातील सुपे गावच्या बाजारी शेतकरी उठले आणि पुढे गावोगाव त्यांनी सावकारांचे रोखे व खतपत्रे जाळली. मग १८७९ साली कायदा झाला आणि शेतकऱ्याचे कर्जखत गावच्या रजिस्ट्रारासमोर लिहिले जावे असे ठरले. अशा दिवसांत आपल्या वाडवडिलांच्या मनात कागद म्हणजे जप्ती, कागद म्हणजे कोर्टाची पायरी, अशी धास्ती बसली यात नवल काय? ती धास्ती आपल्या घरांत अजून आहे. म्हणूनच आजाची ट्रंक उघडली की जुने कागद चुलीत जातात.

परंतु थोडा विचार करा. ज्या कागदाने आपल्या पणजाला बांधले, त्याच कागदाने त्याचे नावही राखले. कर्जखतात त्याचे नाव आहे, बापाचे नाव आहे, गाव आहे, गहाण टाकलेले शेत आहे, कधी बैलजोडीही आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली कुळकर्णी वतने काढून तलाठी नेमले. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने ती वतने गेली. आज ते दप्तर सरकारी कचेरीत आहे, आणि अर्ज करून नक्कल मागण्याचा तुम्हांस हक्क आहे. मग तो बजावीत का नाही?

आता हे काम करावे कसे ते सांगतो. आरंभ कचेरीत करू नये, घरात करावा. घरातील सर्वांत वृद्ध बाईजवळ बसावे आणि ती सांगेल ते लिहून घ्यावे. नावे, माहेरची गावे, कुलदैवत, देवक, कोण कोठून कोठे राहावयास गेले, कोणाची जमीन कशात गेली. ती सन सांगणार नाही. ती म्हणेल, "मानमोडीत माझ्या सासऱ्याचा बाप गेला." मानमोडी म्हणजे १९१८ ची तापाची साथ. "दुष्काळात विहीर खोदली" म्हणाली तर तो १९७२ चा दुष्काळ की त्या आधीचा, हे तिच्या मुलांच्या वयावरून ताडून पाहावे. हे काम उद्यावर टाकू नका. कागद दहा वर्षे थांबेल. म्हातारे माणूस थांबत नाही.

आडनावाच्या बाबतीत मात्र सावध असावे. जोतीराव फुल्यांचेच घराणे घ्या. त्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण आणि मूळ आडनाव गोऱ्हे. पुढे घराणे पुण्यास आले, फुलांचा धंदा करू लागले आणि लोक त्यांना फुले म्हणू लागले. कटगुणच्या दप्तरात कोणी 'फुले' शोधीत बसला तर त्याच्या हाती काय लागणार? आपल्यातही कित्येक आडनावे धंद्यावरून, गावावरून, हुद्द्यावरून पडली आहेत. तेव्हा आडनावाच्या मागे न धावता बापलेकांच्या नावांची जोडी आणि गाव ही दोन धरून चालावे.

घरातले संपले की तलाठ्याकडे आणि तहसील कचेरीत जावे. आजच्या सात-बाऱ्यावर फेरफाराचे आकडे गोल करून लिहिलेले असतात. त्या एकेका आकड्याची फेरफार नोंद काढा. वारसाच्या नोंदीत कोण केव्हा वारला आणि मागे कोण राहिले हे लिहिलेले असते. ती नोंद तुम्हांस आजापाशी नेईल, आजाची नोंद पणजापाशी. मध्येच शेताचा नंबर जुळेना झाला तर घाबरू नका. १९४७ च्या एकत्रीकरणाच्या कायद्याखाली पुष्कळ गावांत सर्वे नंबर मोडून गट नंबर झाले. कोणत्या सर्वे नंबराचा कोणता गट झाला, याचे पत्रक भूमी अभिलेख कचेरीत मिळते. त्याच्या मागे हक्कनोंदणीचे जुने कागद आहेत. मुंबई इलाख्यात ही नोंदणी १९०३ च्या कायद्याने सुरू झाली. त्याच्याही मागे जुन्या मोजणीचे कागद. ही मोजणी गोल्डस्मिड साहेबाने १८३५ साली इंदापूर तालुक्यात सुरू केली व पुढे विंगेट साहेबाने ती इलाखाभर नेली. कित्येक जिल्ह्यांचे असे जुने कागद आता सरकारने 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर ठेविले आहेत. घरातील शाळकरी पोर ते मोबाइलवर काढून दाखवील.

जन्ममृत्यूसाठी गाव नमुना नंबर १४ मागावा. त्यालाच लोक कोतवाल बुक म्हणतात. शाळेचे जनरल रजिस्टर पाहावे. त्यात मुलाचे नाव, जात, जन्मगाव सापडते. त्यातील जन्मतारखेवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. आईबापांस तारीख सांगता येत नसे, मास्तर १ जून लिहून मोकळे होत. म्हणून गावात अर्ध्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो!

जुन्या कागदांत दोन शब्द वारंवार येतील. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. 'राणू बिन भिवा' हा भिवाचा मुलगा राणू, आणि 'सखू कोम राणू' ही राणूची बायको सखू. सनांचेही तसेच. शके असेल तर त्यात ७८ मिळवा, फसली असेल तर ५९०, म्हणजे इंग्रजी सन येतो. एखाद्या वर्षाचा फरक पडेल तो चालावयाचा.

बायांची नावे शोधणे सर्वांत कठीण. जमीन बाप्याच्या नावे, घर बाप्याच्या नावे, आणि बाई मेली की तिचे नावही तिच्याबरोबर गेले. तरी दोन जागी ती हमखास भेटते. नवरा पोरे लहान असता वारला, की सात-बाऱ्यावर मुलांच्या नावापुढे 'अ. पा. क.' अशी अक्षरे येतात. अज्ञान पालन कर्ता. त्यापुढे बहुधा आईचे नाव असते. मंडळी, त्या तीन अक्षरांत एक सबंध जन्म आहे. कच्चीबच्ची पदरात घेऊन, भाऊबंदांच्या तोंडाला तोंड देऊन त्या बाईने जमीन राखली, म्हणून आज आपण ती कसतो. दुसरी जागा म्हणजे वारसनोंद आणि हक्कसोडपत्र. ज्या मुलींची नावे जमिनीवरून काढली, त्यांची नावे ती काढणाऱ्या कागदातच शिल्लक राहिली. हे वाचताना आपणांस लाज वाटली तर वाटू द्यावी.

याहून जुने पाहावयाचे तर महजर पाहावे. वतनाचा तंटा पडला की गोत जमे, पाटील व बलुतेदार साक्षीला बसत आणि निवाडा लिहून त्यावर प्रत्येकाची निशाणी होई. त्यांना अक्षर येत नव्हते, पण त्यांनी कोरी जागा सोडली नाही. पाटलाने नांगर काढला, न्हाव्याने आरसा काढला, परटाने मोगरी, लोहाराने सांडस. ज्या हत्याराने पोट भरले, तीच त्यांची सही! अक्षरशून्य म्हणून ज्यांची हेटाळणी झाली त्यांनी आपला धंदा कागदावर अभिमानाने उमटवून ठेविला आहे. असे कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात, कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात रुमालांत बांधलेले आहेत. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात छापून काढले. राजकारणाचे कागद शोधणारे विद्वान पुष्कळ झाले. आपल्या नांगराची निशाणी शोधावयास आपल्यावाचून कोण जाणार?

अडचण एकच, हे सारे मोडीत आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून मोडी शाळांतून गेली आणि वाचणारे थोडे उरले. २०२३ साली मराठवाड्यातील निजामकालीन कागदांत कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा मोडी व उर्दू जाणणारांची केवढी गरज पडली ते सर्वांनी पाहिले. ज्याला लिपी येते त्याच्या दारी आपण पुन्हा हात जोडून उभे राहावयाचे काय? मोडी काही मंत्रविद्या नव्हे. नेटाने बसणारा तरुण काही महिन्यांत ती वाचू लागतो. प्रत्येक गावात एक मुलगा आणि एक मुलगी मोडी शिकली तर गावचे दप्तर गावाला खुले होईल.

तोंडी वंशावळीही आहेत. कोल्हापूर, सांगलीकडे हेळवी बैलावर बसून दारी येतो व घराण्याच्या पिढ्या सांगतो. भाटाजवळ वही असते. नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांजवळ गाववार नामावळ्या असतात. त्या जरूर पाहाव्या, उतरून घ्याव्या. परंतु दक्षिणा जड झाली म्हणजे वंशावळही लांब होते, हे ध्यानात ठेवावे. कोणी तुम्हांस सूर्यवंशाला नेऊन भिडवील, कोणी चितोडगड दाखवील. ज्याला कागदाचा आधार नाही ते वहीत वेगळे लिहावे आणि पुढे 'सांगीव' असा शेरा मारावा. पूर्वज राजा निघाला तरच मान, आणि कुणबी, कुंभार, चांभार निघाला तर अपमान, ही समजूतच आधी टाकून द्या. घामाने जगलेला पूर्वज कोणत्याही राजाहून कमी नाही.

या कामात केवळ हौस नाही, पोराबाळांच्या भाकरीचा प्रश्न आहे. जातीच्या दाखल्याच्या पडताळणीस जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गास १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा. मुलीला कॉलेजात जागा मिळाली आणि पणजाचा शाळेचा उतारा मिळेना, म्हणून धावाधाव करणारे बाप आपण पाहतो. तो कागद निवांत असताना काढून ठेवला असता तर?

शेवटी एक मागणे आहे. आजवर आपल्याविषयी दुसऱ्यांनी लिहिले. यापुढे आपण लिहावे. दोनशे पानी वही आणा. पहिल्या पानावर पिढ्या लिहा, बायांची नावे माहेरासह लिहा. मग रोज दोन ओळींची रोजनिशी ठेवा. पाऊस केव्हा पडला, पेरणी केव्हा झाली, मालाला काय भाव आला, कोणाचे किती देणे, घरी कोण जन्मले, कोण गेले. आज ते फुटकळ वाटेल. पन्नास वर्षांनी तुमच्या नातवाला त्याच्यासारखा ग्रंथ मिळणार नाही. जुने कागद वाळवीपासून जपा, उन्हात न ठेवता कोरड्या कापडात बांधा, आणि त्यांचे फोटो घरातील दोन-तीन मोबाइलांवर ठेवा.

वाडवडिलांना अक्षर येत नव्हते, तरी त्यांनी नांगराची निशाणी उमटविली. आपल्याला अक्षर येते. मग आपले पान कोरे का राहावे? इतके बोलून मी आपली रजा घेतो.