देवमासा, पण मासा नव्हे!
(मंडळाच्या बॉस्टनच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)

मी 'देवमासा' म्हटलं की आमची मुलं लगेच टोकतात, "आई, व्हेल मासा नसतो!" खरंच आहे. व्हेल काय नि डॉल्फिन काय, आपल्यासारखेच सस्तन प्राणी. रक्त गरम, कल्ल्यांऐवजी फुप्फुसं, पिल्लाला आईचं दूध. शेपूटसुद्धा माशासारखी डावी-उजवीकडे नाही, वर-खाली हलते.

पण हे सस्तनपणच त्यांच्या जिवावर बेततं. आपल्या शेजारच्या केप कॉडच्या उपसागरात दर वसंतात 'राइट व्हेल' येतात. श्वासासाठी त्यांना वर यावंच लागतं. वर जहाजं, खाली लॉबस्टरच्या सापळ्यांचे दोर! त्यात मादीला वर्षभराच्या गरोदरपणानंतर एकच पिल्लू होतं, आणि पुढचं व्हायला कितीतरी वर्षं जातात. म्हणून तर १९३५ साली शिकारीवर बंदी येऊनही २०२४ च्या अंदाजानुसार सुमारे ३८०च उरलेत.

२००८ साली मोठ्या जहाजांना ठराविक भागांत, ठराविक महिन्यांत १० नॉटची वेगमर्यादा घातली गेली. तेव्हा बोटीच्या सहलीत कप्तानाने वेग कमी केला तर घड्याळाकडे बघू नका. एखादी लेकुरवाळी श्वास घ्यायला वर येत असेल!