रणगाड्यांचे निकामी गोळे



आंब्याच्या दिवसांत, संध्याकाळच्या झुळकेला बसून रणगाड्यांच्या गोळ्यांविषयी ऐकावयाचे, ही कल्पना कार्यक्रमपत्रिका वाचताना आपल्यापैकी पुष्कळांना चमत्कारिक वाटली असेल. मघाशी दाराशीच एका गृहस्थांनी आम्हांला विचारले, "काय हो, दाखवायला एखादा आणला आहे का?" आणलेला नाही. का आणला नाही, हेच आजचे व्याख्यान आहे असे म्हटले तरी चालेल.

टपालाची तिकिटे, नाणी, अडकित्ते जमविणारे लोक आपल्याला ठाऊक आहेत. इंग्लंड, फ्रान्स, हॉलंड, अमेरिका या देशांत रणगाड्यांचे निकामी केलेले गोळे जमविणारेही लोक आहेत. दुसऱ्या महायुद्धातील 'टायगर' या जर्मन रणगाड्याचा ८८ मिलीमीटरचा गोळा पुंगळीसकट उभा केला तर जवळजवळ तीन फूट भरतो. त्याच्या शेजारी इंग्रजांचा १७ पौंडी, रशियनांचा ७६ मिलीमीटरचा असे क्रमाने मांडले म्हणजे एका युद्धात चिलखत किती जाड होत गेले आणि ते भेदण्यासाठी गोळा कसकसा बदलत गेला, याचा इतिहास एका फळीवर उभा राहतो. हा छंद रक्तपिपासू माणसांचा आहे अशी आमचीही प्रथम समजूत होती. ती चुकीची निघाली. यातले चांगले संग्राहक घड्याळे दुरुस्त करणाऱ्या माणसासारखे असतात. त्यांना आतली रचना समजून घ्यावयाची असते, आणि आत काय होते हे समजल्यावाचून ते वस्तूला हात लावीत नाहीत.

आपली अडचण निराळी आहे. आपली नजर गडांवर तयार झालेली आहे. लहानपणापासून आपण तोफांवर घोडा घोडा खेळलो, दगडी गोळ्यांवर बसून दशम्या खाल्ल्या. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली आणि आज विजापूरच्या बुरुजावर असलेली 'मलिक-इ-मैदान' तोफ पाहताना तिच्या गोळ्याची भीती कोणालाच वाटत नाही. दगडाचा किंवा भरीव लोखंडाचा गोळा हा नुसता धोंडा असतो. तो कधी जिवंत नव्हताच, मग मरणार कोठून? पण तीच नजर घेऊन आपण रणगाड्याच्या गोळ्याकडे पाहतो, आणि तेथे फसतो. किंबहुना गडावरही ती नजर सर्वत्र खरी नाही. १८१८ साली इंग्रजांनी रायगडावर उखळी तोफांचा मारा केला, ते गोळे पोकळ आणि आत दारू भरलेले होते.

आमची स्वतःची फजिती आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचे बोलणे सोपे जाईल. एका गावच्या शाळेत वस्तुसंग्रहाचे कपाट आहे. शंख, खनिजे, फॉर्मॅलिनमधला साप, आणि खालच्या खणात एक रणगाड्याचा गोळा, पितळी पुंगळीसह. पुढे सुवाच्य अक्षरांत चिठ्ठी : 'तोफगोळा (निकामी)'. कोणा निवृत्त लष्करी गृहस्थांनी फार वर्षांपूर्वी तो दिलेला. मुख्याध्यापकांनी मोठ्या कौतुकाने तो बाहेर काढून आमच्या हाती दिला. आम्ही तो उचलला, वजनाचा अंदाज घेतला, आणि सांगावयास लाज वाटते, पण पोकळ आहे की भरीव हे पाहण्यासाठी किल्लीने टकटक करूनही पाहिले. नंतर बुडाकडचा शिक्का वाचावयास तो उलटा केला आणि एक साधा प्रश्न सुचला : हा निकामी कोणी केला? मुख्याध्यापक म्हणाले, "निकामीच आहे. इतकी वर्षे इथे आहे ना!"

या उत्तरात सगळी चूक साठवलेली आहे. गोळा वर्षांनी निकामी होत नाही. तो कोणीतरी निकामी करावा लागतो.

आता त्या गोळ्याची रचना सांगितली पाहिजे. तो शर्मन रणगाड्याचा ७५ मिलीमीटरचा होता. १९४५ साली ब्रह्मदेशात मेइक्तिला घेताना आपल्या हिंदी पलटणींनी जे रणगाडे वापरले, ते हेच. असा पूर्ण गोळा म्हणजे वस्तुतः एकावर एक बसविलेल्या निरनिराळ्या दारूंची उतरंड होय. खाली पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी मधोमध टोपी. टोपीवर आघात झाला की ती पेटते, पुंगळीतली दारू पेटवते, आणि वायूच्या दाबाने पुढचा सुमारे साडेसहा किलोंचा गोळा नळीतून बाहेर पडतो. गोळ्याच्या कमरेला मऊ धातूची, बहुधा तांब्याची, कडी असते. ती नळीतल्या आट्यांत रुतते आणि गोळ्याला फिरकी देते. गोळ्याच्या पोटात अर्ध्या किलोहून अधिक टी.एन.टी., आणि नाकाशी ते उडविणारा फ्यूज. म्हणजे टोपी, पुंगळीतली दारू, पोटातली दारू आणि फ्यूज, अशा चार जागा झाल्या. चारही रिकाम्या असतील तर तो गोळा निकामी. तिन्ही रिकाम्या आणि चौथी भरलेली, याला निकामी म्हणत नाहीत.

वापरलेल्या टोपीवर आघाताचा खळगा असतो. शाळेतल्या पुंगळीची टोपी गुळगुळीत होती.

पोलिसांना कळविले. बाँबशोधक पथक आले, पाठोपाठ लष्कराचे लोक आले. शाळेला दोन दिवस सुटी मिळाली, त्यामुळे मुलांचे आमच्याविषयीचे मत फार चांगले झाले. मुख्याध्यापकांचे तितकेसे नसावे. तपासात निघाले ते असे : गोळ्याच्या पोटात प्लास्टर भरलेले, नाकाचा फ्यूज नकली, पुंगळीत दारू नाही, पण टोपी मात्र जिवंत. टोपी एकटी इमारत उडवीत नाही, हे खरे. पण खिळा आणि हातोडी घेऊन तिच्यापुढे बसलेल्या मुलाचे डोळे आणि बोटे घ्यावयास ती पुरेशी आहे.

या अनुभवानंतर आम्ही या विषयाचे जे काही वाचन केले, त्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली. साध्या डोळ्याला दिसणाऱ्या जवळजवळ प्रत्येक खुणेला अपवाद आहे. टोपीवरच्या खळग्याचेच घ्या. जर्मन रणगाड्यांच्या तोफांत टोपी विजेने पेटविण्याची पद्धत होती. टायगरचा गोळा आणि ८८ मिलीमीटरच्या विमानविरोधी तोफेचा गोळा जवळजवळ सारखेच, पुंगळी तीच. पण विमानविरोधी तोफेची टोपी आघाताची आणि टायगरची विजेची. जाणता संग्राहक पुंगळी उलटी करून हेच प्रथम पाहतो, कारण बाजारात टायगरच्या नावाला मोल अधिक आहे. परंतु विजेच्या टोपीवर खळगा पडतच नाही. ती वापरलेली आहे की नाही, हे आमच्यासारख्याने नुसत्या नजरेने काय ओळखावे?

वजनाची खूणही खोटी. सरावाचे गोळे खऱ्याइतके जड लागावेत म्हणून त्यांत वाळू किंवा प्लास्टर भरतात. रंगाचेही तेच. आज पुष्कळ देशांत सरावाचा दारूगोळा निळा रंगवितात, म्हणून निळा म्हणजे रिकामा असे लोक धरून चालतात. पण सरावाचा गोळा डागावयाचा असतो, आणि डागावयाचा म्हटले की पुंगळीत दारू आलीच.

चिलखतभेदी गोळ्याविषयीचा गैरसमज तर याहून मोठा आहे. चिलखत फोडणारा गोळा म्हणजे भरीव पोलादाचा ठोकळा, असे आपल्याला वाटते. इंग्रजांचे पुष्कळसे खरोखर तसे होते. पण जर्मन आणि रशियन गोळ्यांच्या बुडाशी लहानशी पोकळी असे. तीत थोडी स्फोटक दारू आणि मागच्या अंगाला फ्यूज. चिलखत भेदून आत गेल्यावर त्याने फुटावे, हा हेतू. बाहेरून तो ठोकळाच दिसतो. आणि इंग्रजी भरीव गोळ्याच्याही बुडाशी ट्रेसर असतो, म्हणजे गोळा कोठे चालला हे तोफचीला दिसावे म्हणून मागे जळत जाणारे मिश्रण. न जळलेला ट्रेसर ठिणगीची वाट पाहत असतो.

पण सर्वांत मौजेचा अपवाद आपल्याच इतिहासातला आहे. परदेशांत गोळा निकामी केल्याची खूण म्हणून पुंगळीला आरपार भोके पाडण्याची चाल आहे. भोक दिसले की घेणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. आता १९६५ चा सप्टेंबर आठवा. खेमकरणजवळ असल उत्तरच्या लढाईत हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या १०६ मिलीमीटरच्या तोफेने पॅटन रणगाडे फोडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ही तोफ धक्का न देणाऱ्या जातीची. तिच्या वायूचा बराच भाग मागून सोडून द्यावा लागतो. म्हणून तिच्या काडतुसाची पुंगळी कारखान्यातूनच चाळणीसारखी असंख्य भोके पाडून येते, आणि दारू सांडू नये म्हणून आतून अस्तर असते. म्हणजे सर्वांत अधिक भोके असलेली पुंगळी पूर्ण जिवंत असू शकते! (जाता जाता, या तोफेचा खरा व्यास १०५ मिलीमीटर. आधीच्या १०५ च्या तोफेच्या दारूगोळ्याशी घोटाळा होऊ नये म्हणून नावात १०६ केले. वस्तूचे नावसुद्धा येथे विश्वासाचे नाही.)

मग भरवसा कशाचा? एक तर गोळा कोणी, केव्हा, कशा रीतीने रिकामा केला याच्या कागदाचा. इंग्लंडमध्ये 'स्फोटकमुक्त' असा दाखला देण्याची पद्धत आहे, आणि शहाणा संग्राहक गोळ्याइतकाच तो दाखला जपतो. दुसरा भरवसा उभ्या छेदाचा. गोळा लांबीत कापून अर्धा उघडा ठेवला, की टोपीपासून फ्यूजपर्यंत सर्व रचना दिसते आणि ती रिकामी आहे हेही दिसते. प्रदर्शनाच्या दृष्टीने आमच्या मते असा छेदलेला गोळा शंभर चकचकीत गोळ्यांहून मोलाचा. पण हे छेदणे कारखान्यात आणि शस्त्रागारात होते, परसात नव्हे.

परसात काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. व्हर्जिनिया राज्यात २००८ साली यादवी युद्धाच्या काळचे गोळे साफ करणारा एक संग्राहक आपल्या घराच्या आवारात ठार झाला. हा मनुष्य नवशिका नव्हता. त्याने आयुष्यात सोळाशेच्या आसपास गोळे निकामी केले होते, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. गोळा आरमारी तोफेचा, नऊ इंच व्यासाचा, गोल, आपल्या गडांवरच्या गोळ्यासारखाच दिसणारा. त्यातली काळी दारू जवळजवळ दीडशे वर्षे शाबूत होती. गोळ्याचा एक तुकडा पाव मैलावरच्या घरात जाऊन पडला.

आपल्याकडे हे मरण छंदातून येत नाही, गरिबीतून येते. नगरजवळ के. के. रेंज हे रणगाड्यांच्या गोळीबाराच्या सरावाचे मैदान आहे. भोवतालच्या गावांतली माणसे भंगारासाठी पडलेले गोळे उचलताना, फोडताना दगावल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचलेल्या आहेत. मघाशी सांगितलेली तांब्याची कडी आठवा. त्या कडीला बाजारात भाव येतो, आणि ती काढावयाची तर छिन्नी-हातोडा लावावा लागतो. डागूनही न फुटलेला गोळा न डागलेल्या गोळ्याहून अधिक भयंकर, कारण नळीतून जाताना त्याचा फ्यूज सज्ज झालेला असतो. शेतात, ओढ्यात, भंगारात असे काही दिसले तर हलवू नये, धुऊ नये, पाण्यात टाकू नये. माणसे दूर करावीत आणि ११२ क्रमांकावर कळवावे.

कायद्याविषयी एवढेच सांगतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याची जी व्याख्या आहे, तिच्यात तोफगोळे येतात आणि दारूगोळ्याचे सुटे भागही येतात. तेव्हा 'आमचा रिकामा आहे' हे घरमालकाचे उत्तर पुरत नाही. ज्याला हा विषय डोळ्यांनी पाहावयाचा आहे त्याने नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, १९९४ साली सुरू झालेले रणगाडा संग्रहालय पाहावे. ज्या गावात मलिक-इ-मैदान ओतली गेली, त्याच गावात पकडून आणलेले पॅटन उभे आहेत.

पितळी पुंगळीचा जमानाही आता सरत आला आहे. टी-७२ रणगाड्याच्या १२५ मिलीमीटरच्या तोफेत दारूचे आवरण दारूबरोबरच जळून जाते. मागे उरते ते धातूचे एक बूड, खोलगट ताटलीएवढे. चिलखत भेदणारा आजचा गोळा म्हणजे लांब बाण. त्याभोवतीचे आवरण, देवळाबाहेर जोडे काढावेत तसे, नळीबाहेर पडताच गळून जाते. त्या आवरणाचे नाव 'सॅबो', आणि फ्रेंचमध्ये त्या शब्दाचा अर्थ लाकडी जोडा असाच आहे. काही देशांत हा बाण युरेनियमचा करतात. त्यात दारूचा कण नसला, तरी तो दिवाणखान्यात ठेवावयाची वस्तू नव्हे.

त्या शाळेची हकीकत अपुरी राहिली. गोळा परत आला नाही, पुंगळीही आली नाही. मुख्याध्यापकांनी खालच्या खणात त्याचे छायाचित्र लावले आहे आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी एका मोठ्या कागदावर त्याचा उभा छेद काढून चारही जागा निरनिराळ्या रंगांनी दाखविल्या आहेत. टोपी लाल रंगाची आहे. आम्ही गेलो तेव्हा पाचवीतला एक मुलगा दुसऱ्याला ते चित्र समजावून सांगत होता, आणि आमच्या किल्लीची गोष्ट त्याने आमच्यादेखतच, जरा मीठमसाला लावून, सांगितली.